पालकाचा वाफा आणि खालची पापणी

लग्न होऊन श्रीरामपूरहून नगरला आले तेव्हा माझी जीभ फार चालायची. आजही चालते, पण आता मला बोलणारं कोणी उरलं नाही. तेव्हा घरात सासरे होते, त्यांचे दोन मुलगे, सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. सासरे एसटीत कंडक्टर. सासूबाई पारनेरकडच्या कोरडवाहू शेतातून आलेल्या, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव कधी रमलाच नाही. जाऊ काष्टीची. तिला मी आक्का म्हणायचे. आक्का बोलायला कमी आणि कामाला वाघ. सासूबाईंचं नेमकं उलट, म्हणजे कामालाही वाघ आणि बोलायलाही.

आमच्या घरांच्या ओळीमागे एक पट्टी होती. सगळ्यांच्या मोऱ्यांचं पाणी तिथे साचायचं. डास, कोंबड्या आणि भांडणं, तिन्हींची पैदास तिथलीच. एका सकाळी त्या चिखलाच्या कडेला विद्यापीठाची जीप येऊन थांबली. शेतकी विद्यापीठ तेव्हा नवं नवं निघालेलं होतं आणि त्यांची माणसं शहरातल्या गल्ल्यांतही फिरायला लागली होती. जीपमधून एक बाई उतरल्या. मनगटावर घड्याळ, खांद्याला पिशवी, पिशवीत बियांच्या पुड्या. त्यांनी आम्हा बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, की दिवस पाण्याच्या टंचाईचे आहेत, मोरीचं पाणी वाया घालवू नका, एकेक वाफा करा, पालेभाजी लावा आणि खा.

“मला शिकवती व्हय पालक लावायला?” सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. “आरदा जन्म मातीत गेलाय माजा.” आणि पहिली पुडी त्यांनीच हात लांब करून घेतली.

त्यानंतरचे दिवस काय मजेचे गेले! पदर खोचून सगळ्या ओळीतल्या बायका चिखलात. सासूबाईंच्या हातात खुरपं आलं आणि बाई एकदम तरुण झाली. कुणाचा वाफा वाकडा, कुणाचं बी खोल पडलं, सगळीकडे यांची नजर. शेजारणीला एकदा म्हणाल्या, “आगं बी पेरतीस का पुरतीस?” ती बिचारी दिवसभर हसत होती. मी मॅट्रिक झालेली, पण माझ्या वाट्याला काम आलं कोंबड्या हाकलायचं. भांडी राखेने घासायची, ते पाणी वाफ्याकडे वळवायचं, साबणाचं पाणी वेगळं काढायचं, हे आक्का बघायची. पालक असा काही तरारून आला, की येताजाता माणसं थांबून बघायची.

पुढच्या खेपेला बाई आल्या त्या खाण्याबद्दल सांगायला. ओट्यावर चित्रांचे तक्ते लावले. डाळ, गूळ, हिरवा पाला, सगळं झालं. मग म्हणाल्या, “अंगात रक्त कमी आहे का, याचा अंदाज घरीही घेता येतो.” त्यांनी स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून दाखवली. आतून लाल असली तर ठीक, पांढरट असली तर समजायचं की पोटात काही जात नाही.

झालं! सासूबाईंना खेळणंच मिळालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात माणूस आला, की आधी त्याची पापणी खाली. दूधवाल्याची झाली, कासारणीची झाली, सासऱ्यांबरोबर चहाला आलेल्या ड्रायव्हरची झाली. पांढरी निघाली की हुकूम सुटायचा, “पाला खा. लाज वाटू देऊ नगंस, पाला खा.” पोस्टमन तर आमचं पत्र शेजारी टाकून पळायला लागला.

मला याचं हसू यायचं आणि रागही यायचा. कारण आमच्या घरात पाला खाणार कोण, तर पुरुष. ते आधी जेवायचे. मग आम्ही तिघी बसायचो, तेव्हा भाकरी असायची, चटणी असायची आणि भाजीच्या पातेल्याचं बूड. सासूबाई तेही बूड आमच्याकडे सरकवायच्या, कारण त्यांना पालेभाजी आवडत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या माहेरी सगळे एकत्र जेवायचे. मला हे बघवत नसे. त्यात आक्काला दिवस गेलेले, पहिलंच बाळंतपण. सुईणीने येऊन सांगितलं होतं, की पोरीच्या अंगात रक्त नाही, बाळंतपण जड जाईल. त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, “आमी न्हाई का बाळंत झालो?” एवढ्यावर विषय संपला.

वाफे भरले तेव्हा तरी आक्काच्या ताटात पाला पडेल असं मला वाटलं होतं. पण मधेच बाईंनी सांगितलं, की विद्यापीठातून मोठे साहेब बागा बघायला येणार आहेत आणि ज्याचा वाफा उत्तम त्याला पत्र्याची झारी बक्षीस. त्या दिवसापासून ओळीतल्या एकाही बाईने एक पान खुडलं असेल तर शपथ. पाहुण्यांसाठी काचेचे कप जपावेत तसे सगळ्यांनी आपापले वाफे जपले. आमच्या मागच्या दारी हातभर पालक उभा आणि सासूबाई बाजारातून शिळी मेथी आणायच्या. मी म्हटलं, “आत्याबाई, हा खायला लावलाय ना?”

“खाऊ की. सायेब बघून जाऊ दे,” त्या म्हणाल्या, आणि कोंबडीच्या मागे काठी घेऊन धावल्या.

साहेब उद्या येणार, तर आदल्या संध्याकाळी सगळ्या बायका मागे जमलेल्या. कुणाची तरी मावससासू आली होती, तिची पापणी सासूबाई ओढून बघत होत्या. आक्का कळशी घेऊन वाफ्याकडे आली आणि मधेच मट्‌कन खाली बसली. कळशी कलंडली. तिचे ओठ पांढरेफटक पडलेले बघितले आणि माझी जीभ सुटली.

“गावाच्या पापण्या बघता आत्याबाई, एकदा घरातली पण बघा!”

आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. सासूबाई सावकाश आक्काजवळ आल्या, उकिडव्या बसल्या, तिची पापणी ओढली. बराच वेळ बघत राहिल्या. मग दुसऱ्या डोळ्याची ओढली. उठल्या, आतून विळा आणला आणि वाफ्याच्या एका टोकापासून पालक कापायला लागल्या.

“आवो, उद्या सायेब येनार!” शेजारीण ओरडली.

“येऊ दे. त्याला वाफा दावाया मी काय त्याची सासू हाय?”

पुरा वाफा कापला त्यांनी. त्या संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट आणि लसूण घालून पालक शिजला आणि पहिलं ताट आक्काला वाढलं. सासरे हातपाय धुऊन आले तर पाटावर सून बसलेली. ते दारातच थबकले. “तुमी थांबा वाईच,” सासूबाई म्हणाल्या. सासरे थांबले. जन्मभर लोकांना मागे सरका म्हणणारा माणूस स्वतः मुकाट्याने मागे सरकला. मला इतका आनंद झाला, की मी उगाचच आत जाऊन चूल फुंकत बसले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सगळीकडे हिरवंगार आणि आमच्या वाफ्यात नुसते बुडखे. बाईंचा चेहरा उतरला. “आजी, पालक कुठे गेला?” साहेबांनी विचारलं. सासूबाईंनी आक्काला दंडाला धरून पुढे आणलं आणि म्हणाल्या, “हिच्या पोटात.” साहेब हसले. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी साहेबांची पापणी खाली ओढली.

“लालबुंद हाय,” त्या म्हणाल्या. “तुमची मंडळी तुमच्या मागनं जेवत आसंल.”

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. जीपच्या बाई मात्र तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झारी शेजारणीला मिळाली, तिच्या वाफ्यासाठी. ती सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मागून आणली आणि पुढे आमच्याच घरात राहिली, तो भाग वेगळा.

बुडखे राखून कापला तर पालक पुन्हा फुटतो. आमचा फुटला, कापला, परत फुटला. बघून बघून बाकीच्यांनीही विळे काढले. आता रोज आक्काचं ताट आधी आणि जेवणाआधी पापणी. सासूबाई तिला उजेडाकडे तोंड करून उभी करायच्या आणि मला साक्षीला बोलवायच्या. “बघ गं धाकले, आली का लाली?” कधी यायची, कधी त्यांना नुसती भासायची. पुढे काष्टीला आक्काचं बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, खणखणीत रडणारी. पण मला जास्त आठवतो तो तिच्या माहेरी जाण्याच्या आदल्या दिवसाचा प्रसंग.

पुरुष बाहेर गेलेले. आम्ही तिघीच घरात. सासूबाईंनी आक्काची पापणी ओढली आणि त्यांचा चेहरा उजळला. “डाळिंबावानी झालीया!” खरंच झाली होती. मी टाळ्या वाजवल्या.

“आता तुमची बगू,” आक्का म्हणाली.

“माजी? मला काय धाड भरलीया?”

“खाली बसा, आत्याबाई.” आक्का असं कधी बोलत नसे. सासूबाई बसल्या. आक्काने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली. मी वाकून पाहिलं. आत कणभरही लाली नव्हती. ज्वारीच्या पिठासारखं पांढरं होतं सगळं. अख्ख्या गल्लीच्या पापण्या या बाईने पाहिल्या आणि हिची बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. मला रडू फुटलं.

आक्का रडली नाही. तिने पातेलं पुढे ओढलं आणि वाटी काठोकाठ भरून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

“मला पाला आवडत न्हाई, ठावं हाय ना तुला?”

“ठावं हाय. खा.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. मग दुसरा. आम्ही दोघी समोर बसून बघत होतो. शेवटचा घास वाटीच्या कडेने फिरवून त्यांनी वाटी लख्ख पुसून घेतली आणि आक्कापुढे धरली.

“हाय का आजून थोडी?”