बारावीच्या वर्षी तोंडली

आमच्या ह्यांचा एक नियम होता. परदेशात टिकाऊ काही घ्यायचं नाही. सोफा नको, कारण तो पुण्याला न्यायचा कसा? पडदे शिवून नकोत, कारण पुण्यातल्या खिडक्यांचं माप वेगळं. झाड तर नकोच नको, आपण इथे काय कायमचे राहणार आहोत? शारजात आमची कितीतरी वर्षं अशी घडीच्या खुर्च्यांवर बसून गेली. मुलगी मात्र इथेच रांगली, इथेच शाळेत गेली, आणि त्याच खुर्च्यांमध्ये बोटं चेमटून घेत इंग्रजीत रडायलाही शिकली.

घर म्हणजे एका जुन्या बैठ्या व्हिलाचा अर्धा भाग आणि पुढे वाळूचं अंगण. भिंतीपलीकडे घरमालक राहायचे. वयस्कर अरब गृहस्थ, तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असायचे, त्यामुळे त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा बरं होतं. त्यांनी हौसेनं शेळ्या पाळल्या होत्या.

ह्यांच्या नियमातून तोंडलीचा वेल तेवढा निसटला. हे शारजाच्या औद्योगिक भागात नोकरीला होते. तिथल्या एका केरळी सहकाऱ्यानं वर्कशॉपच्या कुंपणावरून एक काडी तोडून दिली. तोंडली भारतीय दुकानात मिळायची, नाही असं नाही. पण मी भाव दिरहॅममध्ये वाचायचे, मनात त्याचे रुपये करायचे आणि भेंडी घेऊन घरी यायचे. ह्यांनी काडी हातात धरून बराच विचार केला आणि निकाल दिला की वेल म्हणजे काही झाड नव्हे. हंगामापुरता येतो, आपोआप वाळून जातो. आमच्या घरात एक इंजिनीअर आणि एक कॉमर्सची पदवीधर. तोंडलीचा वेल वर्षानुवर्षं जगतो हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

काडी एसीच्या ड्रेन पाइपाखाली खोचली. शारजाच्या उन्हाळ्यात एसी अखंड चालतो, म्हणजे पाणीही अखंड. पहिल्या वर्षी वेलानं खिडकी घेतली, दुसऱ्या वर्षी गच्ची. मग तो डिश अँटेनावर चढला आणि ऐन सिरियलमध्ये सुनेच्या तोंडावर मुंग्या आल्या. ह्यांनी संतापून कात्री घेतली आणि वेल छाटून काढला. छाटलेल्या काड्या वाळूत पडल्या. त्यातल्या निम्म्या फुटल्या.

एका सकाळी घरमालक दारात उभे. "मॅडम, ये आप का बेल हमारे घर में आ गया. बिना वीजा, बिना पासपोर्ट."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या भाड्यात अंगणाचं घर पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. "सॉरी हबीबी, सॉरी, कल पक्का काटेगा," हे वडिलांच्या वयाच्या माणसाला म्हणत राहिले. तेवढ्यात भिंतीपलीकडे एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून आमचा वेल ओरबाडताना दिसली. घरमालकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "खलास, रहने दो," म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा वेल शेळ्यांचा आणि अलीकडचा आमचा, अशी वाटणी झाली.

आमच्या वाटणीचं करायचं काय, हा खरा प्रश्न. काचऱ्या झाल्या, भरली तोंडली झाली, दाण्याचं कूट घालून रस्सा झाला, मसालेभात झाला, लोणचं घातलं. उभी चिरून उन्हात वाळवली आणि तळून खाल्ली, शारजात ऊन फुकटच होतं. ह्यांनी लोखंडी नळ्या आणून वेलाचा मांडव केला आणि त्याखाली गाडी लावू लागले. पश्चिमेच्या भिंतीवर सावली आली आणि विजेचं बिल उतरलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. नियम मोडल्याचं कधी बोलले नाहीत. कोणीतरी उठवलं की पानांचा रस शुगरवर रामबाण. आमच्या ओळखीत शुगर नसलेला माणूस शोधावाच लागला असता, त्यामुळे लोक शुक्रवारच्या सुट्टीत पानं न्यायला यायचे, चहात दोन चमचे साखर घालून घ्यायचे आणि पानं घेऊन जायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत मसालेभाताची तोंडली आमच्याकडूनच जायची. मल्याळी शेजारी तोंडल्यांना कोवक्का म्हणायचे, गुजराती टिंडोरा, उत्तरेकडचे कुंदरू. "इतकी नकोत हो" हे मात्र सगळे आपापल्या भाषेत सारखंच म्हणायचे.

आमची मुलगी ताटातल्या मसालेभातातून तोंडली वेचून कडेला लावायची. "आई, प्लीज, नॉट अगेन." आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमच्या घराचं चाललं होतं.

ती बारावीत गेली. पुढचं सगळं ठरलेलं होतं. चांगले मार्क मिळवायचे, पुण्याला इंजिनीअरिंगला जायचं, सासूबाईंकडे राहायचं. तिला काही विचारलं नव्हतं. आपल्याच घरी जायला कोणी कोणाला विचारतं का?

एका शुक्रवारी सासूबाईंचा फोन आला. वेलाचं कौतुक त्यांना माहीत होतंच. "अगं, पोरीला या वर्षी तोंडली अजिबात घालू नकोस. बुद्धी जड होते. आमच्याकडे परीक्षेच्या वर्षी तोंडली शिजतच नसत."

मी ह्यांना सांगितलं. हे कशावरच विश्वास ठेवत नाहीत, देवावरसुद्धा प्रवासापुरताच. "अंधश्रद्धा आहे सगळी," म्हणाले, आणि तिच्या पानातली भाजी उचलून आपल्या पानात घेतली. मीही पुन्हा वाढली नाही. विषाची परीक्षा कशाला घ्या?

मग पिशव्या भरून वाटायला निघाले, तर मराठी घरांची दारं बंद. दारं बंद म्हणजे चहा-पोहे सगळं व्हायचं, पण पिशवी पाहिली की बाई ओशाळून म्हणायची, "अहो, आमच्याकडेही बारावी आहे." दुसरीकडे दहावी असायची. एकीचा मुलगा चौथीत होता, तरी तिनं नको म्हटलं, कारण तो मुळातच हुशार नव्हता. शेवटी सगळी तोंडली शेजारच्या मल्याळी कुटुंबाकडे जाऊ लागली. त्यांचा मुलगा आमच्या मुलीच्याच वर्गात होता, रोज डब्यात कोवक्का न्यायचा आणि प्रत्येक टेस्टमध्ये पहिला यायचा. ह्यांचं म्हणणं, त्या लोकांना ते लागू होत नसावं.

जानेवारीत एकदा मी ऑफिसातून लवकर सुटले. माझं ऑफिस दुबईत, ऊद मेथाला, आणि दुबई-शारजा रस्त्यावरची गर्दी टळली तर तो दिवस सणासारखा वाटायचा. खुशीत फाटक उघडलं, तर मांडवाखाली मुलगी बसलेली. मांडीवर फिजिक्सचं पुस्तक, हातात वाटी, वाटीत कच्ची तोंडली आणि तिखट-मीठ. एकेक तोंडलं ती औषध घेतल्यासारखं तोंड वाकडं करून चावत होती.

"काय चाललंय?"

"स्टडीइंग."

"आणि हे? तुला तर तोंडल्याचा वासही नको असतो."

तिनं वाटीत पाहिलं. "आजी सेज दे मेक यू डल."

"मग?"

"सो आय'म ट्रायिंग."

मला आधी खो खो हसू आलं. ती हसली नाही. "इफ आय डोन्ट गेट द मार्क्स, यू कान्ट सेंड मी," ती म्हणाली.

"पाठवायचं काय त्यात? घरीच तर चालली आहेस."

"आय'व्ह ओन्ली गॉन देअर फॉर वेकेशन्स, आई. आय लिव्ह हिअर."

मी वाटी काढून घेतली आणि तिला चांगली झापली. किती खस्ता खातोय आम्ही, कोणासाठी खातोय, वगैरे जे आईला तोंडपाठ असतं ते सगळं बोलले. जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांना सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल, तर विज्ञान शाखेची मुलगी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवते याचं. त्यांनी तिला मेंदू आणि पचनसंस्था यांवर बरंच ऐकवलं.

मला मात्र त्यानंतर नीट झोप लागेना. पोरीला पुण्याला जायचं नव्हतं, तर सोपा उपाय होता. पेपर कोरा ठेवायचा. पण ती पडली आमच्या घरातली. येत असलेलं उत्तर न लिहिणं तिच्या हातून झालंच नसतं. म्हणून सगळा अभ्यास मन लावून करायचा, आणि वर तोंडली खाऊन बुद्धी जड व्हायची वाट बघायची, एवढंच बंड तिला जमत होतं. मला तिची इतकी दया आली, आणि तरीही मी रोज सकाळी हाताला येतील तेवढी तोंडली तोडून भिंतीवरून शेळ्यांना टाकत राहिले.

निकाल लागला. मल्याळी मुलगा पहिला, आमची मुलगी दुसरी. पुण्याचा प्रवेश पक्का. ओळखीच्यांचे फोन आले, हे पेढे घेऊन आले, घरमालकांकडेही पेढे गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सासूबाई चुकल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाईट वाटलं.

जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैठकीच्या खोलीत बॅग उघडी पडली होती. सासूबाईंसाठी खजूर, बदाम, तिचे कपडे, तिची इथली पुस्तकं. हे ऑफिसातून आणलेल्या हुकाच्या काट्याला बॅग लटकवून वजन करत होते. मुलगी घडीच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. महिनाभर ती फारसं काही बोललीच नव्हती, आणि आम्ही त्याचा अर्थ मुलगी समजूतदार झाली असा लावला होता.

"इफ पुणे इज होम," ती म्हणाली, "हाउ कम आय'म द ओन्ली वन गोइंग?"

ह्यांचा हात काट्यावरच राहिला. ते सांगू लागले की इथला पगार तिकडे कोण देणार, तुझी फी, तुझं लग्न, पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज. सगळं खरं होतं. ती ऐकत होती, आणि माझ्याकडे पाहत होती.

"अगं, आम्ही येतोच ना मागून," मी म्हणाले.

"कधी?" तिनं विचारलं. मराठीत.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बॅग जड झाली आहे, काहीतरी काढायला हवं. मग आम्ही दोघं खाली बसून काय काढायचं ते बघू लागलो. तिची पुस्तकं काढली. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही, आणि आता तिनं विचारायचंही सोडून दिलं आहे.