उघडा राहिलेला प्राणवायू

ती माणसाच्या आतड्यातले जंतू संगणकात पाळते. कुठला जंतू काय खातो, काय टाकतो, त्याचं टाकलेलं पुढे कोण खातं, अशा हजारो रासायनिक क्रिया जुळवून मॉडेल करायचं आणि त्याला विचारायचं, यांना अमुक चारलं तर काय होईल? आई सगळ्यांना सांगते, "आमची पोर लोकांच्या पोटात शिरून पगार घेते." प्रयोगशाळेत मात्र तिचं नाव 'पुन्हाबघू'. लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघणारी बाई ती. मन चिंती ते वैरी न चिंती.

आणि काळजीला कारणही होतं. धाकट्या भावाचं आतडं तीन वर्षं सुजलेलं, चौदा किलो वजन उतरलेलं. तिच्या मॉडेलनं एक पावडर सुचवली होती. ती खाऊन चांगले जंतू वाढणार होते आणि सूज ओसरणार होती. सोमवारपासून बारा रुग्णांना ती द्यायची होती. त्यांत भाऊही होता.

गुरुवारी दुपारी डबा खाता खाता तिनं मॉडेलवर पुन्हा नजर टाकली आणि डबा बाजूला सारला. प्राणवायू आत येण्याची वाट उघडीच राहिली होती. मोठ्या आतड्यात कुठला आलाय एवढा प्राणवायू? जंतू बिचारे फुकटच्या ताकदीवर वाढत होते. वाट बंद करून तिनं गणित पुन्हा चालवलं. चांगले जंतू खाली बसले, वायू करणारे माजले. ही पावडर भावाला आणखी लोळवणार होती. ती तशीच उठून प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे गेली.

सरांनी ऐकून घेतलं. "आणखी कुणाच्या लक्षात आलंय?"

"नाही सर."

ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. तेवढ्या वेळात तिनं नको नको ते सगळं मनात आणलं. मग त्यांनी रुग्णालयाला फोन करून सोमवार रद्द केला.

भावाला फोन करून सांगायचं काम तिचंच.

"ताई, तुझी नेहमीची शंका असेल," तो हसत म्हणाला.

"नाही रे. या वेळी खरंच चुकलंय. माझंच."

"मला एकट्याला तरी दे ना गुपचूप. याहून वाईट काय होणार आहे?"

"होईल. नाही देणार मी."

"मग कधी?"

"सहा महिने तरी."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "तोवर मी खाऊ काय, ताई?"

आठशे जंतूंचा आहार तिला तोंडपाठ होता. "मी येते तिकडे," एवढंच ती म्हणाली.