पर्थची दुपार

नीता राहायची न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये, पण तिचा दिवस चालायचा ऑस्ट्रेलियाच्या घड्याळांवर. सिडनीची एक कंपनी दुकानांतले बंद पडलेले फ्रीझर दुरुस्त करून द्यायची. त्यांचे फोन नीता घरातल्या मागच्या खोलीत बसून घ्यायची आणि कुठे कोणता मेकॅनिक धाडायचा ते ठरवायची. मुलगी, ईशा, शाळेतून येईल तेव्हा आपण घरी असावं, म्हणून तर हे काम धरलं होतं. घरी असायची ती. पण कानाला हेडफोन आणि दार बंद.

सप्टेंबर सरता सरता, दरवर्षी उन्हाळ्याआधी करतात तशी, न्यूझीलंडची घड्याळं तासभर पुढे गेली. आठवड्याने सिडनीचीही गेली. पर्थवाले मात्र घड्याळाला हात लावत नाहीत. त्यामुळे पर्थ आणखी मागे पडलं आणि तिथली दुकानं मिटेपर्यंत फोन घेणाऱ्या नीताची ड्यूटी थेट एप्रिलपर्यंत तासाभराने लांबली. उन्हं रेंगाळणाऱ्या संध्याकाळी शेजारी नदीकाठी फिरायला निघायचे, ती खिडकीतून हात हलवायची.

ऑक्टोबरात ईशाच्या शाळेत कापा हाका होतं, माओरी गाण्या-नाचाचा कार्यक्रम. ईशा पहिल्या रांगेत होती. नीताने पाचपासून सुट्टी मागितली. तिचा सिडनीतला साहेब ग्रँट याने लगेच दिलीही. पण त्या दिवशी पाच वाजून गेले तरी फोन थांबेनात. तिने ग्रँटला विचारलं.

"पाच म्हणजे सिडनीचे पाच ना? तुझे सात," तो म्हणाला. "सॉरी नीता, आत्ता लाइनवर दुसरं कोणीच नाही."

चंद्रहास, तिचा नवरा, ईशाला घेऊन केव्हाच पुढे गेला होता. नीताने लॅपटॉप गाडीत टाकला आणि शाळेच्या पार्किंगमध्ये मांडीवर उघडला. वाटलं, मधे दहा मिनिटं तरी आत डोकावता येईल. तेवढ्यात पर्थच्या एका मटणाच्या दुकानातून फोन आला. तिथे भर दुपार, फ्रीझर बंद, माल वितळायला लागलेला. दुकानवाली बाई रडकुंडीला आली होती. एक मेकॅनिक फोन उचलेना, दुसरा फार लांब होता.

हॉलमधून पाय आपटल्याचे आवाज आले, मग मुलींचं गाणं. त्यात ईशाचा आवाज कुठला, ते काही केल्या ओळखू येईना.

"हॅलो, आहात ना तिथे?" बाईने विचारलं.

"आहे. इथेच आहे मी," नीता म्हणाली.

मेकॅनिक मिळाला, तोवर लोक बाहेर पडायला लागले होते. ईशा गाडीपाशी आली. नाचासाठी हनुवटीवर लावलेला रंग घामाने फिसकटला होता. तिने लॅपटॉपकडे पाहिलं.

"मी ऐकलं गं सगळं, इथून," नीता म्हणाली.

"यू डिडन्ट सी इट, मम," म्हणत ईशा मागच्या सीटवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी नीताने ग्रँटला पर्थचे फोन आपल्याकडून काढून घ्यायला सांगितलं. "एप्रिलमध्ये बघू," तो म्हणाला. "तेव्हा घड्याळं मागे येतील, तुझा तास परत मिळेलच की."

"सोडून दे ना," चंद्रहास म्हणाला.

सोडून जायचं कुठे? गावातल्या दोन ठिकाणी विचारून झालं होतं. दोन्हीकडे उशिरापर्यंत थांबायचं, तेही घराबाहेर. ती पुन्हा खोलीत जाऊन बसली.

दुपारी ईशा आली. एरवी ती दारावर हलकेच टकटक करायची, आज केली नाही. स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा उघडल्याचा आवाज आला, तेव्हा नीता ॲडलेडमधल्या कुणाला तरी "एक मिनिट थांबा" म्हणत होती.