पेन्सिलीने लिहिलेली मुंबई

नंदा जाधवच्या वहीत सगळं निळ्या पेनाने लिहिलेलं असे. 'मुंबई' हा एकच शब्द पेन्सिलीने. चिपळूणच्या 'सोबत' संस्थेत तिला तेवीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत हे असं का, म्हणून तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात आहे काय? गणपती झाले की वाडीतली निम्मी घरं कुलूप लावून मुंबईला मुलांकडे जातात आणि शिमग्याची पालखी दारात यायच्या आत परत येतात. मग खोडरबर घ्यायचं, 'मुंबई' पुसायची आणि पुढच्या महिन्यापासून निळं पेन चालू.

संस्थेचं काम एकच. फिट येणाऱ्या माणसांना गावोगाव, घरपोच, दर महिन्याला गोळ्या द्यायच्या. काम सोपं दिसतं, पण त्याला खंड चालत नाही. गोळी एकाएकी बंद झाली तर दाबून ठेवलेली फिट जास्तच जोराने येते. नंदा दहावी शिकलेली, डॉक्टरांची पुस्तकं तिने वाचली नव्हती. पण हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या धाकट्या भावाला, सम्यकला, लहानपणापासून फिट यायच्या. बौद्धवाडीत काय नि कुणब्यांच्या वाडीत काय, उपाय तेच: चप्पल हुंगवा, कांदा फोडून नाकाशी धरा. एकदा नंदा मागच्या दारी लाकडं फोडत असताना तो चुलीपाशी पडला. ती आत येईपर्यंत उजवा हात कोपरापर्यंत भाजून गेला. त्यानंतर कुणीतरी या संस्थेचा पत्ता दिला. दोन वर्षांत फिट थांबल्या, हात मात्र तसाच राहिला. सम्यक मुंबईला नोकरीला लागला आणि नंदा संस्थेत. माणूस एखाद्या कामाला जन्माचं चिकटतं ते अशा कारणाने. समाजसेवेची हौस वगैरे भाषणात ठीक आहे.

अकरा वाड्या, चौसष्ट घरं. सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरायचं आणि पुढे चालायचं. घरी गेली की पाकीट देऊन ती निघत नसे. "घे माझ्यासमोर," म्हणायची आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची.

जांभूळकोंड ही तिची सगळ्यात लांबची वाडी, सात घरांची. तिथे हौसा आणि तिची मुलगी दर्शना. पहिल्या वर्षी हौसाने नंदाला पाणी दिलं ते अंगणात, वरून ओतून. दर्शनाला नंदासमोर पहिल्यांदा फिट आली ती नंदाच्या मांडीवर थांबली, त्यानंतर नंदा थेट चुलीपाशी बसायला लागली. त्यावर दोघी कधी काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी दर्शनाला सांगितलं होतं, सलग तीन वर्षं फिट आली नाही तर गोळी कमी करून बंद करता येईल. चोवीस वर्षांची पोर, तिचं लग्न त्या तीन वर्षांवर अडलेलं. नंदा प्रत्येक भेटीला वहीत एक उभी रेघ मारायची, म्हणजे आणखी एक महिना फिटेशिवाय गेला. रेघ मारताना दर्शना वाकून बघायची.

"मावशी, दोन मार की एकदम."

"मारते. आणि नवरा पण दोन आणते."

महापुरात संस्थेच्या कचेरीत छातीइतकं पाणी शिरलं आणि कपाटांतल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला. वाचली ती नंदाची वही, कारण ती तिच्या घरी फळीवर होती. तेव्हा संस्था चालवणाऱ्या विनीत सरांनी ठरवलं की आता कागद पुरे. तयार मिळणारं सॉफ्टवेअर नको, खास आपल्या कामाच्या मापाचं शिवून घ्यायचं. पुण्याहून ईशा नावाची मुलगी आली. हुशार आणि कष्टाळू, दोन दिवस नंदाबरोबर वाड्या चालली, पायाला फोड आले तरी कुरकुरली नाही. एसटीत वही चाळताना तिने विचारलं, "मावशी, हे पेन्सिलीने का?"

"मग काय पेनाने लिहू?" नंदा हसली. "मुंबईला गेलेलं माणूस पेनाने कोण लिहितं? तुझं आपलं कायतरीच."

ईशाही हसली. तिला वाटलं मावशींनी गंमत केली. तिने आपल्या टिपणात लिहिलं: मुंबई म्हणजे स्थलांतर. पुण्यात वाढलेल्या मुलीला शिमगा म्हणजे एक दिवसाची रंगाची सुट्टी. आणि नंदाने पुढे काही सांगितलं नाही, कारण जे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे ते कोण सांगत बसतं?

सॉफ्टवेअर वाईट होतं असं म्हणणं खोटेपणा होईल. कुणाची तपासणी लांबली, कुठल्या गोळ्यांची मुदत संपत आली, सगळं फोनवर दिसू लागलं. एकाच वाडीत रामा नावाचे दोघे होते. एकाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चार महिने दुसऱ्याला जात होत्या. वहीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, नंदाच्याही नाही. सॉफ्टवेअरने पहिल्याच आठवड्यात लाल रंगात दाखवलं. नंदाने त्या रात्री जेवण केलं नाही. मग मात्र फोन पदराच्या कडेने पुसून ठेवायला लागली.

घर बंद मिळालं तर चार पर्याय होते: तात्पुरतं बंद, नकार, स्थलांतरित, मृत. त्या वर्षी गणपतीनंतर दर्शना आईसह भावाकडे मुंबईला गेली; तिथे असेपर्यंत गोळ्या तिथल्या सरकारी दवाखान्यातून मिळत. वहीत एकोणतीस रेघा झाल्या होत्या. तात्पुरतं म्हणजे चार-आठ दिवस. हे तर सहा महिने. नंदाने 'स्थलांतरित' दाबलं. तीन महिन्यांनी नाव आपोआप यादीच्या तळाशी गेलं. कचेरीत पाकिटं आता यादीप्रमाणे भरली जात. तळाच्या नावाचं पाकीट होत नसे. त्यातच सॉफ्टवेअरने अंतरं मोजून फेऱ्या नव्याने आखल्या आणि जांभूळकोंड दीपालीकडे गेलं. दीपाली लग्न होऊन सांगलीकडून आलेली, कामाला चोख. यादीत असेल त्या घरी जायची आणि नसेल त्या घरी जायची नाही. तिचं काय चुकलं?

शिमगा आला. नंदाच्या वाड्यांतली आठ कुलपं उघडली. त्यांची पाकिटं नव्हती. तिने कचेरीत सांगितलं, "ह्या आठ जणांचं राहिलंय बघा." कचेरीने आठ नावं हाताने परत वर घेतली. विनीत सरांना वाटलं, नंदाताईंकडून दाबताना चूक झाली असेल. नंदाला वाटलं, बाकीच्या कार्यकर्त्यांनीही आपापली सांगितली असतील. ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी, एसटीत, बोलली नाही ते सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून, आणि या वेळीही त्याचसाठी.

एप्रिलच्या मध्यावर फाट्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, जांभूळकोंडची पोरगी पऱ्यावर कपडे धुताना पाण्यात पडून गेली. पऱ्या म्हणजे वाडीखालचा ओढा. एप्रिलात त्यात गुडघाभरही पाणी नसतं.

नंदा चालत वर गेली. हौसा ओसरीवर बसली होती. शेजारणी उठून आत गेल्या.

"ये, नंदाबाय," हौसा म्हणाली. "बस."

"वयनी, गोळ्या?"

"मुंबयसून पंधरा दिवसांच्या आनल्या व्हत्या. म्हटला, पुढं नंदाबाय देतेच हाय."

"मग मला सांगितलं का नाही? एक फोन करायचा."

"तुमची ती नवीन बाय आली ना होळी झाल्यावर. समोरच्या घरात आली. दर्शनाच पळत गेली इचारायला. ती बोलली, तुमचा नाव यादीत नाय." हौसा थांबली. "पोरगी नाचत आली घरात. तू मारलेल्या एकोणतीस रेघा तिला पाठ. मुंबयतले सहा तिनं बोटांवर धरलान. पस्तीस झाले, छत्तिसावा चालू. बोलली, आये, डॉक्टरनी माजा नाव काढला, मी बरी झालंय."

नंदा ओसरीच्या कडेला टेकली.

"पालखी देवळात परतताना देवीची ओटी भरली मी. वाडीत साखर वाटली." हौसाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तू येवून सांगशील असा वाटला व्हता. मी बोललं पन तिला, नंदाबाय आपल्या तोंडानं सांगेल तवा खरा. तर बोलली, मावशीला आता दुसरी गावं दिलीत, ती कशी येल?"

आतून कुणीतरी चहा आणून ठेवला. तो तसाच निवला. उठताना नंदाने हौसाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हौसाने तो झटकला नाही. झटकला असता तर नंदाला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत विनीत सरांनी ईशाला फोन लावला आणि तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. नंदाने सगळं सांगितलं: गणपती, कुलूप, शिमगा, पेन्सिल.

"मावशी, तुम्ही एसटीत बोलला होतात," ईशा म्हणाली. "मी हसले होते."

"मी पण हसले होते," नंदा म्हणाली.

"कुणाची चूक ते आता नको," विनीत सर म्हणाले. "करता काय येईल ते सांग."

"दहा मिनिटं द्या."

खरोखर दहाच मिनिटं लागली. 'स्थलांतरित'च्या खाली नवा पर्याय आला, 'मुंबईस', आणि त्याच्यापुढे एक चौकट, 'परत कधी येणार'. तळाशी गेलेली एक्केचाळीस नावं वर आली. दीपालीने आणि विनीत सरांनी दिवसभर फोन केले. बहुतेकांना गोळ्या या ना त्या वाटेने मिळाल्या होत्या. सहा घरांत महिनाभर गोळी पोचली नव्हती. पाच घरांत नशिबाने काही झालं नव्हतं.

"एवढंच होतं?" नंदाने विचारलं.

"एवढंच," ईशा म्हणाली.

पुढच्या महिन्याची पाकिटं भरून टेबलावर आली तेव्हा त्यात एक दर्शनाचंही होतं. कुणी काही नोंदवलंच नव्हतं. सॉफ्टवेअरच्या मते ती मुंबईहून परत आली होती आणि तिला गोळ्या हव्या होत्या. दीपालीने पाकीट हातात घेतलं आणि ती रडायला लागली.

"दे इकडे," नंदा म्हणाली. "तुझ्याने व्हायचं नाही."

तिने फोनवर दर्शनाचं पान उघडलं. शेवटची भेट: सप्टेंबर, नंदा जाधव. तिने 'मृत' दाबलं. फोनने विचारलं, नक्की? तिने 'हो' दाबलं. मग कारण आलं, आणि त्याखाली आजार, अपघात, वय, इतर. कारण भरल्याशिवाय पान बंद होत नव्हतं. आजार म्हणावं तर आजार बरा होत आला होता. अपघात म्हणायला तिचा हात धजेना. तिने 'इतर' निवडलं. लिहायला रिकामी चौकट उघडली.

चष्मा वर करून, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं: शिमग्याला घरी आली होती.