कपाटातले राजे आणि कमलचं स्थळ

माणूस एखादी वस्तू जमवायला लागला, की किस्से न मागता सोबत येतात. मी इंग्रज राजा-राणीची चित्रं असलेले कप जमवले. कप शेवटी तेवीस झाले, किस्से किती झाले देव जाणे! आणि प्रत्येक किश्श्यातला येडा कोण, हे विचारायची कुणाला गरज पडत नाही.

मी तेव्हा पुसदला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. घरात आई, बायको सुशीला आणि लग्नाची धाकटी बहीण कमल. कमलसाठी स्थळ पाहणं हे घरातलं पहिलं काम होतं. मला मात्र कपांपुढे तेसुद्धा दुसरं वाटायचं. आज सांगताना लाज वाटते.

*

जिनिंगचा गोरा मॅनेजर इंग्रज गेल्यावरही बरीच वर्षं चिकटून होता. छप्पन साली तोही विलायतेला निघाला आणि बंगल्यातलं सामान स्टाफला वाटून मोकळा झाला. वजनकाट्यावरच्या देवरावनं पलंग पटकावला. हेडक्लार्कनं खुर्च्या उचलल्या. मी मोठ्या ऐटीत राज्याभिषेकाचा एक कप घेतला. वर राजा, शेजारी राणी, काठाला सोनेरी रेघ!

सुशीलानं कप पाहिला. माझ्यामागून बैलगाडी येते का, तेही पाहिलं.

"अन् खुर्च्या काय राजा सोबत घेऊन गेला?"

*

कपासाठी काचेचं कपाट केलं. तेही बैठकीत, दारातून शिरल्याबरोबर दिसेल असं. दर शुक्रवारी आई कपावरच्या राणीला कुंकू लावायची.

"सवाशीण बाई हाय. कपाळ मोकळं काहून ठेवाचं?"

मी ओल्या फडक्यानं पुसायचो, ती पुन्हा लावायची. शेवटी मी वैतागलो. "आई, तिचा राजा मरून चार वर्षं झाली!"

माझे वडील जाऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आईनं बोट कुंकवात बुडवलं आणि राणीच्या कपाळाला टेकवलं.

"तिले कोण सांगून राह्यलं?"

मी फडकं ठेवून दिलं.

*

हरीसिंग हा जवळच्या तांड्यावरचा शेतकरी, आमच्या जिनिंगमध्ये कापूस आणायचा. माझा नाद त्याला ठाऊक होता. एकदा त्यानं महागावच्या बाजारातून एक कप आणला. वर दाढीवाला साहेब, छातीवर बिल्ला. "घे भाऊ, तुया राजा."

मी त्यांना राजाचे चुलते ठरवून टाकलं! येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या लढाया सांगायला लागलो. दोन लढायांत त्यांना हरवलंसुद्धा, कारण सगळ्याच जिंकल्या तर लोकांना पटत नाही. पडेल या भीतीनं कप कधी उलटा मात्र केला नाही. तो एक दिवस इंग्रजीच्या मास्तरांनी केला. बुडाशी बारीक अक्षरांत छापलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं. चुलते बिस्किटाच्या कारखान्याचे मालक निघाले!

माझा चेहरा पडला. हरीसिंग त्या दिवशी बैठकीतच होता.

"त काय झालं? राजा चायसंगं काहीतरी खातच असन ना!"

*

बाजारोबाजार हिंडून कपाट भरलं, पण घरात चहा प्यायचे कप तीनच. त्यातल्या एकाला कान नव्हता. जिनिंगची मंडळी आली की पाळीपाळीनं चहा प्यायची. कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला असायची.

एकदा देवरावचा नंबर काही लागेना. "वहिनी, त्या कपाटातले काढा ना!"

"ते राजाचे हायेत, भाऊजी," सुशीला म्हणाली. "तुमी मुकुट घालून या, मंग देतो."

*

मग आर्णीहून कमलला पाहायला मंडळी आली. मुलगा शिकलेला, घर चांगलं. मुलाच्या आईची नजर कपाटावर गेली आणि त्या कौतुकानं म्हणाल्या, "रुखवत आतापासूनच मांडून ठेवलं वाटते!"

तिथं नुसतं हसायचं होतं. मी उठून कपाटासमोर हात पसरून उभा राहिलो. "नाही, नाही! यातलं काही मुलीसोबत जाणार नाही!"

स्थळ गेलं. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. कमल एवढंच म्हणाली, "दादा, मलेच कपाटात ठेव. तिथलं त तू चांगलं सांभाळतं."

ते मला लागलं. लागूनही किल्ली करदोट्यालाच राहिली.

*

पुढचं स्थळ दिग्रसचं. कमलनं मुलाला एका लग्नात पाहिलं होतं. त्याचा विषय निघाला की ती उगाच चुलीत लाकडं सारायला जायची. हे मोडलं असतं तर मला घरात तोंड दाखवायला जागा नव्हती.

मंडळी यायच्या अर्धा तास आधी मध्यस्थ धापा टाकत आला. "मुलाचे वडील बेचाळीसमध्ये जेलात होते. घरात इंग्रजाचं काही दिसू देऊ नका!"

मी धावतपळत तेवीसही कप बशांसकट आत नेले, फडक्याखाली झाकले आणि रिकाम्या कपाटात आईच्या पोथ्या मांडल्या. लपवले कुठे? तर नेमके चुलीशेजारी!

पाच जण येणार होते, आले अकरा. सुशीलानं तीन कप पाहिले आणि सरळ फडकं उचललं.

कमल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा ट्रेत माझे राजे ओळीनं उभे होते. मुलाच्या वडिलांच्या डोक्यावर खादीची टोपी होती. गप्पांच्या नादात त्यांनी कपाकडे पाहिलंही नाही. चहा बशीत ओतला, फुंकर मारली, घोट घेतला. बशी निम्मी झाली आणि तळाशी छापलेली नवी राणी मुकुटासकट वर आली!

ते थांबले. बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कमल किटली घेऊन तिथंच उभी होती.

मी हात जोडले. "चूक माझी आहे. मुलीचा काही दोष नाही. आत्ता सगळे फोडून टाकतो."

त्यांनी बशी कमलपुढे धरली.

"अजून ओत वो, सूनबाई. तिचं तोंड दिसून राह्यलं."