पडीच्या आंब्यांचा फोटो

माझ्या पहिल्या कॅमेऱ्याच्या फोनचा पडदा काडेपेटीपेक्षा लहान होता. उन्हात त्यात काही म्हणता काही दिसत नसे. फोटो काढून झाला की हाताची ओंजळ करायची आणि तिच्यात डोकं घालून बघायचं. रत्नागिरीत नोकरी लागल्यावर तिसऱ्या पगारात मी तो घेतला आणि स्वतःला फार शहाणा समजायला लागलो. कुत्रा, नारळाचा ढीग, एसटीची मागची काच, जे दिसेल त्याचे फोटो काढत सुटलो. वीस-बावीस फोटोंत फोन भरे. मग जुने पुसायचे आणि नवे काढायचे.

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. हंगामात रविवार आला की बाबा मला तिथं जुंपायचे. बागेतल्या कौलारू खोपीला आम्ही मांगर म्हणतो. तिथं बायका आंबे निवडून पेंढ्यात लावून पेट्या भरतात. मी ऐटीत फोन दाखवला, तर बाबा म्हणाले, "फोन बोलायला असतो की फोटो काढायला? आणि बोलायला तरी कुठं मिळतंय? रेंजसाठी वर उघड्या सड्यावर धावतोस. उद्या म्हणशील, यात भातही शिजतो." सगळा मांगर हसला. मी वरवर हसलो, पण ते मला चांगलंच लागलं.

हसली नाही ती एकटी मावशी. ती नात्यातली नव्हती, पण माझ्या जन्माआधीपासून आमच्या पेट्या भरत होती. "माजा काड रं बाळा एक," ती म्हणाली. मी काढला. तिनं ओंजळीत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाली, "ही मी? मला वाटलं बुरसा आलाय." तरी तिनं तो दोनदा बघितला.

आता आंब्याचं सांगायला हवं. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, उतरवलेल्या आंब्याला बोटाच्या पेराएवढा देठ ठेवतात, नाहीतर चीक सालीवर उतरतो आणि डाग पडतो. वाऱ्यानं पडलेल्या आंब्याला देठ राहत नाही, वर एका बाजूनं मार बसतो. तो पेटीत चालत नाही. असा पडीचा आंबा काम करणाऱ्यांनी घरी न्यायचा, हे आमच्या बागेत कुणी कधी ठरवलं नव्हतं आणि त्यावर कुणी कधी बोललंही नव्हतं. मावशी त्यांचा रस उन्हात वाळवून साठं घालायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्यातली निम्मी आमच्याच घरी आणून द्यायची.

त्या रविवारी दुपारी जेवून सगळे आडवे झाले होते. मी फोन घेऊन हिंडत होतो. दगडी गडग्याजवळच्या झाडाखाली मावशी वाकून आंबे वेचत होती. मी तीन फोटो काढले. पहिल्यात ती वाकलेली, दुसऱ्यात पदरानं आंबा पुसतेय, तिसऱ्यात पिशवीत हात घालून मागं वळून बघतेय. पहिल्या दोन्हींत नुसती पाठच दिसत होती, म्हणून ते मी जागेवरच पुसले. तिसरा मात्र भारी आला होता. त्यात ती अगदी चोरी करताना सापडल्यासारखी दिसत होती. मला त्याचं हसू आलं.

हसूच आलं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन. पण पुढचं जे केलं ते हसण्यावारी नेता येणार नाही. त्याच आठवड्यात बागेच्या खालच्या अंगाची दोन झाडं कुणीतरी रात्रीत उतरवून नेली होती. बाबा आधीच तापलेले होते, आणि ते मला माहीत होतं. तरी मी गेलो आणि म्हणालो, "बाबा, बघा, हा फोन काय कामाचा आहे ते."

बाबांनी ओंजळीत डोकं घातलं. बराच वेळ काढलं नाही. मग मांगरात जाऊन सगळ्यांसमोर त्यांनी मावशीला पिशवी दाखवायला सांगितलं. पिशवी तिनं तेवढ्यात जावेबरोबर घरी धाडली होती.

"पडीचे व्हते ते," ती म्हणाली. "देठ नव्हता एकाला बी."

बाबांनी फोन तिच्यापुढं धरला. तिनं हात पुसले, पडद्यात निरखून पाहिलं. "ह्यात काय दिसत नाय. नुसतं हिरवं हिरवं हाय." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर अजून भीती नव्हती, कारण मी तिथं उभा होतो. "तू व्हतास ना तिथं? भुईवरनं येचताना बगितलंस ना मला? सांग ना बाबांना."

मी बघितलं होतं. मी म्हणालो, "फोटोत आहे तेवढंच मला माहीत."

का म्हणालो? कारण खरं सांगितलं असतं, तर फोन पुन्हा खेळणं ठरला असता आणि मी गाढव. मांगर पुन्हा हसला असता. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही. हे लिहितानाही माझे कान तापलेत.

मावशीच्या पुढ्यातली पेटी अर्धवट होती. हातातला आंबा तिनं त्याच्या जागी नीट लावला, वर पेंढा सारखा केला, लुगड्याला चिकटलेल्या काड्या झटकल्या आणि निघून गेली.

त्या पावसाळ्यात साठं आली नाहीत. आईनं विचारलं तेव्हा कुठं मी तोंड उघडलं. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, चपला घातल्या आणि एकटेच मावशीच्या घरी गेले. तिनं त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि दुसरी बाग धरल्याचं सांगितलं. मी दोन वर्षांनी गेलो. तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, साठाचा तुकडा खाल्ला आणि जे बोलायला गेलो होतो ते न बोलता परत आलो. आता ती नाही.

बाग आता मीच बघतो. गेल्या हंगामात लांज्याकडची एक नवी बाई कामाला आली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी निघताना ती माझ्यापुढं उभी राहिली. ओंजळीत पाच-सहा आंबे, सगळ्यांची देठाची बाजू माझ्याकडे वळवलेली.

"बगून घ्या," ती म्हणाली. "देठ नाय एकाला बी."

त्या रविवारनंतर इतकी वर्षं सगळ्याच बायका हे करत आल्यात. न दाखवता आमच्या बागेतला पडीचा आंबा कुणी नेत नाही. मी कितीदा सांगितलं, दाखवू नका म्हणून. ऐकत नाहीत. पण ही तर नवी होती, तिला काय माहीत? मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला होवं?" ती म्हणाली. "तुमच्या बागेची पद्धतच हाय ना ही?"

मी हो म्हणालो. ती तशीच थांबली होती, म्हणून मग एकेक आंबा बघितला.