हर्निया बांधावर, बायका फडात

"हर्निया आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्या मालकांनी झटकन शर्ट खाली ओढला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही तो मीच त्यांच्या पोटात ठेवला होता.

मालक म्हणजे माझा नवरा. आम्ही बीडकडचे. तिकडं पाऊस दगा देतो, सोयाबीन हातचं जातं, मग दिवाळी झाली की आम्ही ऊस तोडायला कोल्हापूरला येतो. मुरगूडजवळ आमच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या. तिथून मालकांना शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं.

हर्निया म्हणजे पोटाची आतली भिंत एका जागी विरते आणि जोर लावला की आतडं त्या फटीतून बाहेर डोकावतं. मालकांचं जांघेत डोकावत होतं. आडवं झालं की आत, मोळी उचलली की बाहेर. किती दिवस चाललं होतं कुणाला ठाऊक, मला पत्ता नाही. विचारलं की म्हणायचे, "गॅस हाय." अहो, जांघेत कुठला आलाय गॅस? वरून पटका करकचून बांधायचे आणि उसाच्या फडात जायचे. तुमच्या घरात कुणाला असं फुगलं तर बांधू नका, दाखवा. आतडं तिथंच अडकलं तर माणूस हातचा जातो, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला चांगलं झापून सांगितलं.

तपासताना त्या म्हणाल्या होत्या, "खोका." मालक लाजून इतकं बारीक खोकले की मला सुद्धा ऐकू आलं नाही. मी म्हणलं, "अहो, रात्रभर कोपी डोक्यावर घेता की खोकून, आता काय झालं?" मग खोकले. मग दिसलं.

सोनोग्राफी झाली, म्हणजे पोटावर गार चिकट मलम लावून आतलं टीव्हीवर बघतात. रक्त तपासलं. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत बाकावर बसून बसून माझा बाक झाला.

खरी भीती मला ऑपरेशनची नव्हती. आमच्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि दोघं वाहतात. टोळी जमवून आणणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक आजारी पडला की दुसरा अर्धा, आणि अर्ध्याला फडात कुणी उभं करत नाही. हंगाम तर अजून निम्मा बाकी. मला वाटायचं, हा माणूस टाक्यांसकट उठून मोळी उचलणार, आतडं अडकणार आणि मी पांढऱ्या कपाळानं एकटी बीडला जाणार.

ऑपरेशन झालं. कमरेतून भूल दिली, फटीवर जाळी बसवली. मालक वॉर्डात आले तेव्हा शेजारच्या खाटेवर कागलकडचे आप्पा होते. त्यांना पण हर्नियाच, खताचं पोतं उचलून झालेला, ऑपरेशन आमच्या आधी उरकलेलं. पहिल्या दिवशी ते आमच्याशी बोलले सुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी मालकांच्या तळहाताचे घट्टे बघितले आणि उठूनच बसले.

"पावणं, ऊसतोडीचं काय तुम्ही?"

"व्हय."

"आरं तिच्या! माझा ऊस तुऱ्याला आलाय की वो! टोळी मिळंना झालीया!"

झालं. त्या दिवसापासून आमची अशी सरबराई सुरू झाली की जावयाची काय होईल. आप्पांच्या बायकोला सगळे आक्का म्हणायचे. ती मालकांसाठी डबा भरून तांबडा रस्सा घेऊन आली. सिस्टर धावत आली, "ओ, टाके आहेत त्यांना! खिचडी द्या!" मग मालकांनी गिळगिळीत खिचडी खाल्ली आणि रस्सा मी ओरपला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, पण सोडला नाही.

बातमी पसरली. आप्पाला भेटायला येणारा प्रत्येक शेतकरी मालकांच्या खाटेपाशी थांबायला लागला. कुणी केळी आणली, कुणी शहाळं. आम्हाला परमुलखात काळं कुत्रं विचारत नाही, आणि इथं आमच्या खाटेभोवती बाजार! आप्पा तर राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मॅडम, माझं ऱ्हाऊ द्या, ह्यास्नी आधी उभा करा."

सुट्टी देताना बाई म्हणाल्या, "तीन महिने जड उचलायचं नाही."

मालक म्हणाले, "मोळी काय जड नसती मॅडम. ही बाई बी उचलती."

बाईंनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. "मग तुम्ही पण झोपा टेबलावर. खोका."

मी खोकले. देवाच्या दयेनं काही निघालं नाही.

कोपीवर आलो आणि माझी धास्ती खरीच झाली. मालकांची नजर रोज कोयत्यावर. मी तो पिठाच्या डब्यात लपवला, तर ह्यांनी पीठ काढायच्या निमित्तानं शोधला. तेवढ्यात आमच्या टोळीकडं आप्पांच्या उसाची पाळी आली. आप्पा आणि आक्का आमच्या कोपीपुढं आले. मुकादम म्हणाला, "एक कोयता कमी हाय. तोड लांबणार."

मालक उभे राहिले. "मी येतो."

मी आप्पांकडं बघितलं. एका शब्दानं ते नको म्हणू शकत होते. तेच दुखणं त्यांनी पण सोसलेलं. पण तुरा आलेला ऊस रोज वाळत होता, वजन घटत होतं. आप्पांनी डोकं खाजवलं, आभाळ बघितलं, चपलेतला खडा काढला, पण तोंड काही उघडलं नाही.

आक्कानं पदर खोचला. "हिच्यासंगं मी हाय. आमचा दोघींचा एक कोयता."

मुकादम हसला. "दोन बायकांचा कोयता आमच्यात नसतो, आक्का."

"नसतो तर आता असंल! ऊस माझा, हात माझं. तुझ्या बाऽचं काय जातंय रं?"

मुकादमानं वही काढून आमचा कोयता लिहून घेतला.

फडात मी तोडायला लागले, आक्का वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं मोळ्या बांधायला. पहिली मोळी उचलल्याबरोबर सुटली आणि सगळा ऊस तिच्या पायावर. तिनं उसाला अशा शिव्या घातल्या की मी कोयता टाकून हसत बसले. बांधावर दोन हर्निये मांडी घालून बसलेले. एक ओरडतोय, "बुडाजवळनं तोड!" दुसरा ओरडतोय, "वाढं उलटं पिळ की!" आक्का म्हणाली, "गप बसा, न्हायतर दोघास्नी मोळीत बांधीन."

गाडी भरायच्या वेळी वर चढायला लावलेल्या फळीवर माझा पाय घसरला. मोळी डोक्यावर डगमगली. मालक बांधावरून धावत आले आणि दोन्ही हात मोळीला लावले.

मी ओरडले, "सोडा! पडू द्या ऊस! तुम्ही राहिलात तर ऊस लई हाय!"

सगळा फड बघायला लागला. नवऱ्यावर असं चारचौघांत मी कधी ओरडले नव्हते. मालकांनी हात काढले. मोळी पडली. ते तिथंच फळीजवळ बसले आणि डोळ्यांना पटका लावला. म्हणाले, "मी बसून, आन तू वाहतीयास. बघवत न्हाई गं."

"नाही बघवत तर नका बघू. पण बसा," मी म्हणलं, आणि मला पण रडू आलं.

आप्पा हळूच उठले. मगाशी गप्प बसले त्याची लाज त्यांच्या तोंडावर दिसत होती. मालकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला पावणं, आपल्याला झेपंल ते करूया."

दोघं विहिरीकडं गेले. डॉक्टरीणबाईंच्या धाकानं दोघांनी एकेक तांब्याच भरून आणला, तो पण अर्धा, पोटाला हात धरून, नव्या नवरीसारखं जपून चालत. आप्पांनी आक्काला दिला, मालकांनी मला.

इतके हंगाम केले, पण फडात मला कुणी पाणी आणून दिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी उभ्यानं घटाघटा प्याले आणि म्हणलं, "आणखी आणा."